आपल्या तोलानें उडणारें विमान

एखाद्या पोक्त गृहस्थानें रविवारची सबंध दुपार टेबलावर वांकून घालवावी, सभोंवार टांचण्यांचा पसारा मांडावा आणि काडेपेटींतील काडीहूनही बारीक अशा काड्या एकमेकींस चिकटवीत बसावें, हें पाहणारास थोडें चमत्कारिकच वाटतें. आमच्याकडे येणाऱ्या मंडळींस तें तसें वाटतें, हें आम्ही त्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखतों. कोणी हंसून विचारतात, "यांत बसून कोठें जावयाचा बेत आहे?" अशांना आम्हीही हंसूनच उत्तर देतों. परंतु कांहीं आईबाप खरोखर काळजीनें विचारतात, "आमचा मुलगा तुमचें पाहून हें करूं म्हणतो. यांत त्याचा वेळ किती जाईल, आणि त्याच्या हातीं काय लागेल?" हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. त्याचें उत्तर सावकाश द्यावें, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम ही वस्तु काय आहे तें सांगितलें पाहिजे. बॅटरीवर चालणारीं, दुरून यंत्रानें वळवितां येणारीं विमानें बाजारांत पुष्कळ मिळतात. आम्ही बोलतों तीं त्यांतलीं नव्हेत. आमच्या विमानास ना बॅटरी, ना इंजिन. बाल्सा नांवाच्या लांकडाचा सांगाडा, त्यावर पतंगाच्या कागदाहून पातळ असा कागद, पुढें प्रॉपेलर, आणि पोटांत रबराच्या पट्टीचा एक वेढा, एवढाच त्याचा संसार. रबरास पीळ द्यावयाचा आणि विमान हातांतून सोडावयाचें. पीळ उलगडत जातो तसा प्रॉपेलर फिरतो आणि विमान उडतें. सध्यां आमच्या टेबलावर जें आहे, त्याच्या पंखांचा विस्तार १६ इंच असून रबर धरून त्याचें वजन सुमारें १५ ग्रॅम आहे. म्हणजे दहा रुपयांच्या दोन नाण्यांइतकें.

इतकें हलकें विमान होतें तें बाल्साच्या कृपेनें. हें झाड अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतलें, आणि जगाच्या बाजारांत येणारें बहुतेक बाल्सा दक्षिण अमेरिकेंतील एक्वाडोर देशांतून येतें. स्पॅनिश भाषेंत 'बाल्सा' म्हणजे तराफा. १९४७ सालीं थॉर हायरडाल व त्याचे पांच सोबती बाल्साच्या नऊ ओंडक्यांचा 'कॉन-टिकी' नांवाचा तराफा घेऊन पेरूच्या किनाऱ्यावरून निघाले आणि १०१ दिवसांनीं पॉलिनेशियाच्या बेटांना लागले, ही गोष्ट पुष्कळ विद्यार्थ्यांनीं वाचली असेल. हें झाड झपाट्यानें वाढतें. त्याच्या लांकडांतील पेशी मोठ्या व पातळ भिंतींच्या असतात. झाड जिवंत असतांना त्या पाण्यानें भरलेल्या असतात. भट्टींत लांकूड वाळविलें म्हणजे पाणी निघून जातें व तेथें हवाच राहते. म्हणून बाल्सा सागाच्या सुमारें चौथ्या हिश्श्याइतकेंच भरतें. आपल्याकडे ज्याचीं बाशिंगें करितात तें भेंड ज्यांनीं हातांत धरलें असेल त्यांस या हलकेपणाची कल्पना येईल. मात्र बाल्साच्या अंगीं जो ताठपणा आहे तो भेंडांत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत इंग्रजांच्या 'मॉस्किटो' विमानाचें अंग बाल्साच्या थरावर दोहों बाजूंनीं पातळ प्लायवूड चढवून केलेलें असे. हल्लीं हेंच लांकूड पवनचक्क्यांच्या प्रचंड पात्यांच्या गाभ्यांतही घालतात. त्यामुळें तें आपल्याकडे स्वस्त नाहीं, आणि त्याचा तुकडा फुकट दवडूं नये, हा पहिला धडा मुलांस आपोआप मिळतो.

आतां बांधणीकडे वळूं. मऊ फळीवर नकाशा पसरावा, त्यावर पारदर्शक कागद घालावा म्हणजे गोंद नकाशास चिकटत नाहीं. मग अर्ध्या सुताच्या चौकोनी काड्या नकाशांतील रेघांवर ठेवून दोहों अंगांस टांचण्या रोंवाव्या. काडींतून टांचणी कधींही घालूं नये, कारण तेथेंच ती पुढें मोडते. विमानाच्या अंगाच्या दोन बाजू एकीवर एक अशा एकाच जागीं बांधाव्या म्हणजे त्या जुळ्या होतात. त्यांत केंसभर अंतर पडलें तर सगळें अंग केळ्यासारखें वांकडें होतें. पंखाच्या फासळ्या एकाच पत्र्याच्या नमुन्यावरून कापाव्या लागतात. यांत अवघड असें एकही काम नाहीं. पण घाईनें होईल असेंही एक नाहीं.

नवशिक्याचा हात गोंदावर फार सैल असतो. सांधा पक्का व्हावा म्हणून तो एका थेंबाच्या जागीं चार थेंब घालतो. वस्तुतः नीट कापलेल्या सांध्यास एक थेंब पुरतो. बाकीचे तीन निव्वळ ओझें. आणि हें ओझें शेंपटीकडे पडलें तर त्याचा दंड तिप्पट होतो. तागडीचा नियम येथें लागूं पडतो. विमानाच्या तोलाच्या जागेपासून शेंपूट लांब आणि नाक जवळ. शेंपटीवर एक ग्रॅम चढला तर तो सांवरण्यास नाकावर तीन ग्रॅम घालावे लागतात. म्हणजे एका ग्रॅमच्या निष्काळजीपणापायीं विमान चार ग्रॅमनीं जड होतें. शाळेंत 'तरफ' या धड्याखालीं जें पाठ केलें, तें असें बोटांच्या टोंकांवर येऊन बसलें म्हणजे जन्मांत विसरत नाहीं.

सांगाडा झाला म्हणजे कागद चढवावयाचा. कागदावर पाण्याचा अगदीं बारीक फवारा मारला कीं तो प्रथम लोळागोळा होतो आणि मुलाचा चेहरा उतरतो. पण वाळतां वाळतां तोच कागद मृदंगाच्या पुडीसारखा ताणून बसतो. मात्र वाळेपर्यंत पंख फळीवर जखडून ठेवला पाहिजे, नाहीं तर त्यास पीळ बसतो. असा पीळ डोळ्यांस क्वचितच दिसतो. पण हवेस तो बरोबर दिसतो.

रबर हें या विमानाचें हृदय. ताणलेल्या रबरांत तितक्याच वजनाच्या पोलादी कमानीपेक्षां कितीतरी अधिक शक्ति सांठते. त्यास साबण व ग्लिसरीन यांचें मिश्रण चोळलें म्हणजे पट्ट्या एकमेकींवर घांसून तुटत नाहींत. एकानें विमान धरावें, दुसऱ्यानें रबर मूळ लांबीच्या चौपट ताणून सुताराच्या हातसामत्याच्या आंकड्यास अडकवावें आणि पीळ देत देत जवळ यावें. असे कित्येक शें फेरे बसतात. परंतु सुटतांना रबर आपली शक्ति सारखी वांटून देत नाहीं. पहिल्या कांहीं क्षणांत ती उसळून येते, मग बराच वेळ संथ चालते, आणि शेवटीं विझत जाते. त्या पहिल्या उसळींत विमान उताणें पडूं नये म्हणून प्रॉपेलरचा आंस किंचित् खालीं व किंचित् उजवीकडे कललेला ठेवावा लागतो. उत्साहाच्या पहिल्या भरास थोडी मुरड घालावी लागते, हें मुलांपेक्षां मोठ्यांसच लवकर पटेल.

येथपर्यंत सर्व हाताचें कौशल्य झालें. खरी परीक्षा पुढेंच आहे. मोठ्या विमानांत वैमानिक असतो. झुळूक आली, नाक वर गेलें, एक पंख खचला, तर तो तत्क्षणीं सांवरतो. आमच्या विमानांत कोणी बसलेलें नाहीं. एकदां तें बोटांतून सुटलें कीं हांक मारून त्यास सुधारतां येत नाहीं. म्हणून सांवरण्याची सगळी विद्या तें हातांत असतांनाच त्याच्या अंगीं मुरविली पाहिजे. पहाटे वारा उठण्यापूर्वीं उंच गवतावर तें रबर न पिळतां अलगद सोडावें आणि पाहावें. नाक वर करून, गति गमावून, पुन्हां खालीं आपटत असेल, तर नाकावर खेळण्याच्या मातीची गहूंभर गोळी चिकटवावी. सरळ नाकावर पडत असेल तर ती काढावी. एका वेळीं एकच फरक करावा आणि तो वहींत लिहावा. दोन फरक एकदम केले तर गुण कोणाचा व दोष कोणाचा हें कळत नाहीं.

ही विद्या ज्यानें प्रथम शोधून काढली तो आल्फॉन्स पेनो नांवाचा फ्रेंच तरुण होता. पेनो १८५० सालीं जन्मला. कंबरेच्या सांध्याच्या दुखण्यामुळें त्यास नौदलांत जातां आलें नाहीं, तेव्हां त्यानें आपलें लक्ष आकाशाकडे वळविलें. त्याच्या पूर्वीं उडत्या खेळण्यांत कमानीची शक्ति वापरीत. पेनोनें पिळलेलें रबर घातलें. १८७१ च्या ऑगस्टची १८ तारीख होती. युद्ध, वेढा आणि बंड यांतून पॅरिस नुकतेंच बाहेर पडलें होतें. ट्वीलरीचा राजवाडा तीनच महिन्यांपूर्वीं जळून गेला होता. त्या वाड्याच्या बागेंत, जाणत्या मंडळींच्या समक्ष, पेनोनें आपलें इवलेंसें विमान सोडलें. त्याच्या पंखांचा विस्तार १८ इंच, वजन १६ ग्रॅम, त्यांत रबर ५ ग्रॅम. तें ११ सेकंदांत १३१ फूट उडत गेलें. पेनोनें पंखांचीं टोंकें वर वळविलीं होतीं आणि मागें एक लहान आडवा पंख पुढच्या पंखाहून किंचित् कमी कोनांत बसविला होता. त्यामुळें नाक खचलें तरी विमान आपोआप सांवरत असे. आमच्या टेबलावरील विमानाचें शेंपूट आजही याच नियमानें बसविलेलें आहे.

पेनोनें १८७६ सालीं मनुष्यास बसतां येईल अशा मोठ्या विमानाच्या आराखड्याची सनद घेतली; पण त्यास पैसा मिळाला नाहीं. १८८० सालीं, वयाला अवघीं तीस वर्षें झालीं असतां, निराशेनें त्याचा बळी घेतला.

त्याचें खेळणें मात्र समुद्रापार गेलें होतें. १८७८ सालीं अमेरिकेंत बिशप मिल्टन राइट यांनीं प्रवासांतून घरीं येतांना पेनोच्या धर्तीचें, रबरावर सरळ वर उडणारें एक खेळणें आणलें. तें मुठींत लपवून आणून त्यांनीं मुलांसमोर हवेंत सोडलें, तों तें भिरभिरत छतास जाऊन भिडलें. मोठा विल्बर ११ वर्षांचा, धाकटा ऑर्व्हिल ७ वर्षांचा. खेळणें लवकरच मोडलें; मुलांनीं तसेंच दुसरें केलें, मग त्याहून मोठें. जितकें मोठें करावें तितकें तें कमी उडे. लांबीरुंदी दुप्पट केली तर शक्ति आठपट लागते, हें त्या वेळीं त्यांस ठाऊक नव्हतें, असें पुढें त्यांनींच लिहिलें आहे. १९०३ च्या डिसेंबरच्या १७ तारखेस ऑर्व्हिलनें जें पहिलें उड्डाण केलें तें १२ सेकंदांचें, १२० फुटांचें. पेनोचें खेळणें त्याच्या बत्तीस वर्षें आधीं जवळजवळ तितकेंच उडालें होतें, हें पाहून कौतुक वाटतें. राइट बंधूंचें विमान आपण होऊन तोल सांभाळीत नसे. तो चालकानें क्षणोक्षणीं हातानें सांभाळावा, अशीच त्यांनीं योजना केली होती. विमानविद्येस पुढें दोन्ही गोष्टी लागल्या: अंगचा तोल आणि चालविणारा हात. लहान विमानांत पहिलीच काय ती असते.

आमचा एक पुतण्या गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत आमच्याकडे राहावयास आला. वय तेरा वर्षांचें. आदल्या वर्षीं विषमज्वरानें त्याचे कित्येक महिने अंथरुणांत गेले आणि वर्ष बुडालें. बरोबरीचीं मुलें पुढच्या वर्गांत गेलीं. तेव्हांपासून कोणतेंही काम सांगितलें कीं, "माझ्यानें नाहीं व्हायचें तें, काका," हें त्याचें ठरलेलें उत्तर. विमान बांधण्याविषयीं विचारलें तेव्हांही त्यानें तेंच सांगितलें. पण काड्या कापण्यास बसला. पहिला पंख त्यानें टांचण्या काढतांना मोडला. दुसरा वाळतांना पिळला. आमचा हात कितीदां तरी पुढें सरसावला. एक सांधा आम्हीं लावून दिला असता तर दहा मिनिटांत काम मार्गीं लागलें असतें. परंतु आम्हीं लावलेल्या सांध्यानें विमान त्याचें झालें नसतें, म्हणून हात मागें घेऊन स्वस्थ बसलों. तें स्वस्थ बसणें आम्हांस कोणत्याही सांध्याहून जड गेलें. त्याच्या आईस जमिनीवरच्या टांचण्यांचा जांच होई; पण फोनवरून लेकाचा आवाज ऐकून तीही कांहीं बोलेनाशी झाली.

बाविसाव्या दिवशीं विमान तयार झालें. मग रोज पहाटे मैदान. मातीची गोळी चढवावी, काढावी, शेंपटीखालीं कागदाची घडी सरकवावी, आणि वहींत लिहावें. पहिल्या दिवशींचें उड्डाण चार सेकंदांचें होतें. दहाव्या दिवशीं विमान डावीकडे मोठें वर्तुळ घेत वीस सेकंद फिरलें आणि गवतावर पांखरासारखें उतरलें. अकराव्या दिवशीं निघावयास थोडा उशीर झाला. ऊन तापलें होतें. मैदानापलीकडच्या नांगरलेल्या काळ्या रानावर एक घार पंख न हालवितां गिरक्या घेत होती. काळी जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा तापून वर चढते, आणि घार त्या चढत्या हवेंत बसून फुकट वर जाते. पोरानें पीळ भरला, घारीकडे एकदां पाहिलें आणि विमान सोडलें. रबर उलगडलें, प्रॉपेलर थांबला. पण विमान उतरेना. तें तसेंच गिरक्या घेत वर चढूं लागलें. लिंबाच्या झाडावरून, मग पाण्याच्या टांकीवरून. आधीं चिमणीएवढें, मग माशीएवढें, आणि मग नुसतें आकाश राहिलें.

आतां डोळ्यांत पाणी येणार, असें समजून आम्ही समजुतीचे शब्द जुळवीत होतों. पोर बराच वेळ मान वर करून उभें होतें. मग म्हणालें, "काका, तें पडलें नाहीं. गेलें." खिशांतून वही काढून त्यानें लिहिलें: 'उड्डाण २७. पीळ ४५०. परत आलें नाहीं.' घरीं आल्यावर त्यानें आपण होऊन दुसऱ्या विमानासाठीं नकाशा फळीवर पसरला.

त्यानें पुढें पहिला नंबर मिळविला, असें लिहावयास आम्हांस आवडलें असतें. तसें कांहीं झालें नाहीं. तो चांगला पास झाला, आणि बीजगणित त्यास अजूनही कठीण जातें. मात्र "माझ्यानें नाहीं व्हायचें," हें वाक्य आम्हीं त्या सुटीनंतर त्याच्या तोंडून ऐकलेलें नाहीं. दिवाळीस त्याच्या आईनें फराळाच्या डब्याबरोबर पातळ कागदाचे चार रंगीत ताव पाठविले होते.

तेव्हां विचारणाऱ्या आईबापांस आमचें उत्तर असें. वेळ जाईल, रोज एक तास धरला तर तीन-चार आठवडे जातील. हातीं काय लागेल, तें मोजून दाखवितां येणार नाहीं. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेंत विमानांचे नमुने करण्याचें शिक्षण देतात, तेव्हां पुढेंमागें त्याचा उपयोगही होईल. परंतु तेवढ्यासाठीं हें करावें असें आम्ही म्हणत नाहीं. मुलांस जन्मभर हातांत धरून कोणासच ठेवतां येत नाहीं. हातांत आहेत तोंवर त्यांच्या अंगीं तोल मुरावा, आणि तो त्यांच्या स्वतःच्या चुकांनीं व दुरुस्त्यांनीं मुरावा, एवढें पाहणें आपल्याकडे आहे. आमच्या पुतण्याच्या बाबतींत आम्हीं केलें तें इतकेंच कीं, काड्या आणून दिल्या आणि शेजारीं बसलों.

विद्यार्थी मित्रांनो, बाल्सा न मिळाल्यास अडून बसूं नका. बांबूच्या बारीक तासलेल्या काड्या आणि पतंगाचा कागद घेऊनही साधें विमान होतें. थोडें जड होईल, पण उडेल. ज्यांस या विद्येची सीमा पाहावयाची असेल त्यांनीं ऐकून ठेवावें कीं, बंद दालनांत उडविण्याचीं विमानें रबर धरून दोन ग्रॅमहूनही हलकीं असतात आणि तीं वीस मिनिटांहून अधिक वेळ हवेंत राहतात. रबर उन्हांत ठेवूं नका. एका वेळीं एकच फरक करा. आणि पूर्ण पीळ भरण्यापूर्वीं पंखाच्या खालच्या अंगास आपलें नांव व गांव बारीक अक्षरांत लिहून ठेवा. विमान चांगलें साधलें असेल तर त्याची गरज पडेल.